शुभ्रतेचे माप काढणारा शिंप्याचा मुलगा

रमजानचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी गच्च्यांवर, गल्लीच्या तोंडाशी, मैदानात सगळीकडे माना वर झाल्या होत्या. पहिल्या दिवशीची कोर नखाएवढी असते, दिसली न दिसली तोच मावळते. पण दोन-तीन दिवसांनी इफ्तार आटोपल्यावर सहज पश्चिमेकडे नजर टाका. कोर थोडी मोठी झालेली असते आणि तिच्या कुशीत उरलेला सगळा चंद्रही फिकट, राखेच्या रंगाचा दिसत असतो.

त्या फिकट भागावर सूर्याचा उजेड थेट पडलेला नसतो. तिथे रात्र असते. मग तो भाग दिसतो कसा? तिथला उजेड आपल्या पृथ्वीवरून गेलेला असतो. आपल्या पश्चिमेला जिथे अजून दिवस असतो, तिथल्या ढगांवर, समुद्रांवर, वाळवंटांवर आणि बर्फावर ऊन पडते. त्यातला काही उजेड परत फिरून चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे त्या राखाडी चकतीत आपण आपल्याच जमिनीचा उजेड पाहत असतो.

एखादी वस्तू तिच्यावर पडलेल्या उजेडातला किती वाटा परत करते, या मापाला विज्ञानात अल्बेडो म्हणतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ पांढरेपणा. हा शब्द या अर्थाने रूढ करणारा आणि पांढरेपणा मोजता येतो हे दाखवून देणारा माणूस म्हणजे योहान हाइनरिश लॅम्बर्ट. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना बीअर-लॅम्बर्टच्या नियमातून त्याचे नाव माहीत असते. नकाशे काढणाऱ्यांना लॅम्बर्टचे प्रक्षेपण माहीत असते. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे पाय ही संख्या, कोणत्याही अपूर्णांकात नेमकी मांडता येत नाही हे पहिल्यांदा सिद्ध करणाराही तोच. नाव सगळ्यांना ठाऊक, माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही. हा माणूस बाराव्या वर्षी शाळा सोडून बापाच्या शिवणकामाला बसला होता.

बारा वर्षांचा कारागीर

लॅम्बर्टचा जन्म २६ ऑगस्ट १७२८ रोजी मुलूझ या गावी झाला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ते स्वित्झर्लंडच्या संघाशी जोडलेले एक छोटे स्वतंत्र नगरराज्य होते. त्याच्या घराण्याने धर्माच्या कारणावरून आपला मुलूख सोडून इथे आसरा घेतला होता. वडील शिंपी. पाच मुलगे, दोन मुली. अशा घरात मोठ्या होणाऱ्या मुलाला शाळा किती दिवस मिळणार, याचा हिशेब आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या गावांत माग आहेत, शिलाईची दुकाने आहेत, तिथे असे मुलगे आजही दिसतात. दिवसभर हात कामात आणि लक्ष पुस्तकात.

मुलूझही पुढे कापडाचेच गाव झाले. १७४६ मध्ये तिथे छापील सुती कापडाचा पहिला कारखाना निघाला. पण तोवर लॅम्बर्ट गावातून बाहेर पडला होता. दिवसा वडिलांना मदत आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असे त्याने चालवले होते. गणित, फ्रेंच, लॅटिन हे सारे त्याने बहुतेक स्वतःच्या बळावर मिळवले. त्याचे अक्षर चांगले होते. पंधराव्या वर्षी त्या अक्षरामुळे त्याला जवळच्याच एका लोखंडाच्या कारखान्यात कारकुनी मिळाली. सतराव्या वर्षी तो बाझेल शहरात एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा लेखनिक झाला. हे काम त्याला मानवले, कारण त्यात पुस्तके हाताशी होती आणि संध्याकाळ मोकळी होती.

बाझेलमध्ये छपाईची परंपरा जुनी होती. लॅम्बर्ट तिथे येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, १५७२ मध्ये, याच शहरात एका अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर छापले गेले होते. ग्रंथ होता बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य काढलेल्या इब्नुल हैसमचा किताबुल मनाझिर. इब्नुल हैसमचा काळ इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातला. आपण वस्तू पाहतो ती डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून नव्हे, तर वस्तूवरून उजेड डोळ्यात येतो म्हणून, हे त्याने प्रयोगांच्या आधाराने मांडले. चंद्राच्या उजेडावर त्याने वेगळा प्रबंध लिहिला. चंद्र आरशासारखा वागत नाही, त्याच्या उजळलेल्या भागातल्या प्रत्येक बिंदूपासून उजेड चहूकडे पसरतो, असा त्यात त्याने निष्कर्ष काढला. आरसा एकाच दिशेला उजेड परत फेकतो, भिंत सगळीकडे पसरवते. हा फरक नीट समजला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम मोजण्याचे होते. भिंत नेमका किती उजेड पसरवते आणि कोणत्या बाजूला किती, हा हिशेब बाकी होता. तो पुढे लॅम्बर्टने मांडला.

आल्प्सच्या पायथ्याची आठ वर्षे

१७४८ मध्ये लॅम्बर्टला आयुष्यातली सर्वात मोठी संधी मिळाली, ती एका शिकवणीच्या रूपाने. आल्प्स पर्वताच्या कुशीत कूर नावाचे गाव आहे. तिथल्या फॉन सालिस या मातब्बर घराण्याला मुलांसाठी शिक्षक हवा होता. वीस वर्षांचा लॅम्बर्ट तिथे गेला आणि आठ वर्षे राहिला. घरात मोठे ग्रंथालय होते. येणारे-जाणारे लोक शिकलेले होते. मुलांना शिकवता शिकवता शिक्षकच शिकत गेला. त्याने स्वतःची उपकरणे बनवली, हवामानाच्या नोंदी घेतल्या, ग्रहताऱ्यांचे वेध घेतले. १७५२ पासून त्याने महिन्यागणिक एक नोंदवही ठेवायला सुरुवात केली. या महिन्यात काय वाचले, काय मोजले, काय लिहिले, असा तो हिशेब. ही सवय त्याने मरेपर्यंत मोडली नाही.

१७५६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो युरोपच्या प्रवासाला निघाला. गटिंगेन, उट्रेक्ट, पॅरिस, मार्सेय, नीस, तुरिन, मिलान अशी फेरी करून १७५८ मध्ये मंडळी परतली. ज्यांची पुस्तके वाचली त्यांतल्या काहींना त्याला आता प्रत्यक्ष भेटता आले. नंतर शिकवणी सुटली. कायमची नोकरी नव्हती, पदवी नव्हती, घर नव्हते. होते ते वहीतले काम. त्या कामातून १७६० मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरी त्याचा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. नाव फोटोमेट्रिया. उजेड, रंग आणि सावली यांची मापे, हा त्याचा विषय.

डोळ्याची कबुली

या ग्रंथासाठी लॅम्बर्टजवळ काय होते? मेणबत्त्या, आरसे, भिंगे, कागद, पडदे आणि एक पांढरी भिंत. उजेड मोजणारे यंत्र तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. मोजणारा एकच होता, माणसाचा डोळा. आणि डोळा हा फार कच्चा मापाडी. अंधारातून आल्यावर त्याला समईही झगझगीत वाटते, उन्हातून आल्यावर तेच घर काळोखे वाटते. एका मेणबत्तीपेक्षा चार मेणबत्त्यांचा उजेड जास्त आहे हे तो सांगेल, पण चौपट आहे हे सांगू शकणार नाही.

लॅम्बर्टची सगळी हुशारी इथे आहे. डोळ्याला काय जमत नाही हे त्याने आधी मान्य केले आणि काय जमते ते शोधले. किती पट, हे डोळा सांगत नाही. पण शेजारी शेजारी असलेल्या दोन जागा सारख्याच उजळ आहेत की नाहीत, हे मात्र तो बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. मग डोळ्याला तेवढेच विचारायचे. बाकीचे काम फूटपट्टीने करायचे.

रीत समजायला सोपी आहे. पांढऱ्या भिंतीच्या मधोमध एक आडोसा उभा करा. डाव्या बाजूला एक मेणबत्ती, उजव्या बाजूला चार. उजवी बाजू साहजिकच जास्त उजळेल. आता चार मेणबत्त्या हळूहळू मागे सरकवा. दोन्ही बाजू सारख्या दिसू लागल्या की थांबा आणि अंतर मोजा. एक मेणबत्ती एका हातावर असेल, तर त्या चार दोन हातांवर आलेल्या असतील. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. डोळ्याने फक्त सारखे म्हटले, आकडा अंतराने दिला.

या रीतीने लॅम्बर्ट एकेक नियम तपासत गेला. तिरपा उजेड जास्त जागेवर पसरतो आणि म्हणून फिका पडतो, हा एक. टॉर्च भिंतीवर सरळ मारा आणि मग तिरपा मारा, फरक लगेच दिसेल. सकाळ-संध्याकाळचे ऊन दुपारपेक्षा सौम्य असण्याचे एक कारण हेच. दुसरा नियम खरखरीत, बिनचकाकीच्या पृष्ठभागाचा. असा पृष्ठभाग समोरून पाहा किंवा बाजूने पाहा, सारखाच उजळ दिसतो. वर्गातला चुन्याचा हात दिलेला कोपरा पहिल्या बाकावरून आणि शेवटच्या बाकावरून तेवढाच पांढरा दिसतो, तसे. अशा आदर्श पृष्ठभागाला आजही लॅम्बर्टचाच पृष्ठभाग म्हणतात. तिसरा नियम काचेतून किंवा हवेतून जाताना उजेड कसा कमी होत जातो याचा. हा नियम फ्रेंच संशोधक पिएर बुगेर याने १७२९ मध्येच दाखवला होता. आणि याच ग्रंथात वस्तूने परत केलेल्या उजेडाच्या वाट्याला लॅम्बर्टने नाव दिले, अल्बेडो.

शिंप्याच्या घरातला हा मुलगा. कापड अंदाजाने कापायचे नसते, आधी माप घ्यायचे असते, हा त्या धंद्याचा पहिला धडा. उजेडाच्या बाबतीत तोवर सगळे अंदाजाने चालले होते. लॅम्बर्टने टेप काढला.

ग्रंथ मात्र फारसा खपला नाही. बुगेरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर याच वर्षी, १७६० मध्ये, निघाला. लॅम्बर्टचे लॅटिन पुस्तक दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. त्याच्या मोठ्या भागाचे जर्मन भाषांतर यायला १८९२ साल उजाडले. तोवर एकशे बत्तीस वर्षे गेली होती.

अंधाऱ्या खोलीतली भेट

१७६४ मध्ये लॅम्बर्ट बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या विज्ञान अकादमीत जागा मिळावी, अशी त्याची आणि त्याच्या हितचिंतकांची इच्छा होती. राजाला देखणी, हजरजबाबी, दरबारी रीतीची माणसे आवडत. लॅम्बर्टचा पेहराव चमत्कारिक, वागणे अवघडलेले आणि बोलणे अतिशय सरळ. या भेटीची एक कथा सांगितली जाते. राजाच्या नजरेला पाहुण्याचे रूप खटकू नये म्हणून खोलीतले दिवे कमी करून ठेवले होते म्हणे. राजाने त्याला काय काय येते ते विचारले. त्याने सगळेच येते असे सांगितले. कोणाकडून शिकलास, असे विचारल्यावर स्वतःकडून, असे सांगितले. राजाला हा माणूस वेडगळ वाटला आणि भेट फसली. कथेत तिखटमीठ किती हे बाजूला ठेवू. पण ज्याने उजेडाची मापे काढली त्याला अंधारात बसवले गेले, हे चित्र विसरता येत नाही.

त्याचे उत्तर उद्धटपणाचे होते का? शिक्षक म्हणून मला तसे वाटत नाही. ज्याला बाराव्या वर्षानंतर शाळा मिळाली नाही, त्याने गुरू म्हणून कोणाचे नाव सांगायचे? त्याने वस्तुस्थिती सांगितली. डोळ्याच्या बाबतीत जो माणूस इतका सावध, तो स्वतःच्या बाबतीत खोटी नम्रता दाखवायला तयार नव्हता, इतकेच.

पुढच्या वर्षी, जानेवारी १७६५ मध्ये, राजाने त्याला अकादमीत घेतले. आयुष्याची शेवटची बारा वर्षे लॅम्बर्टने तिथे अखंड काम केले. ऑयलर आणि लाग्रांज यांच्यासारखे त्या काळातले थोर गणिती त्याच अकादमीत होते. पाय या संख्येची सिद्धता, धूमकेतूंच्या कक्षा, हवेतला ओलावा मोजण्याची उपकरणे, रंगांचा मनोरा, तर्कशास्त्र असा त्याच्या कामाचा पसारा होता. १७७२ मध्ये त्याने नकाशांच्या प्रक्षेपणांवर लिहिले. आपल्या देशाच्या नकाशांसाठीही त्यातले एक प्रक्षेपण वापरले गेले. बोडे या तरुण खगोलशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने बर्लिनचे खगोलीय पंचांग सुरू केले. उष्णता मोजण्यावरचा त्याचा ग्रंथ तर तो गेल्यावर, १७७९ मध्ये, छापला गेला. त्याने लग्न केले नाही. क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. २५ सप्टेंबर १७७७ रोजी बर्लिनमध्ये तो वारला. वय अवघे एकोणपन्नास. जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, १८२८ मध्ये, मुलूझने आपल्या या शिंप्याच्या मुलाचे स्मारक उभारले.

बर्फ पांढरा का दिसतो?

लॅम्बर्टची मापे कागदावरची आणि भिंतीवरची. ती उघड्या निसर्गात, बर्फावर नेण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. आज त्याच्या शब्दाची सर्वात जास्त गरज बर्फालाच आहे.

एक साधी गोष्ट पाहा. फ्रिजमधला स्वच्छ बर्फाचा खडा पारदर्शक असतो. तोच किसला की पांढरा होतो. गोळेवाल्याच्या गाडीवर हे आपण रोज पाहतो. बर्फाचा रंग बदललेला नसतो. त्याचे असंख्य कण झालेले असतात आणि कणांमध्ये हवा शिरलेली असते. उजेड प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर थोडा वळतो, थोडा परततो आणि आत फार खोल न जाता बहुतेक सगळा बाहेर येतो. ताज्या हिमाचेही तसेच. नुकत्याच पडलेल्या हिमावर शंभर भाग ऊन पडले तर ऐंशी ते नव्वद भाग परत जाते. जगातल्या फार थोड्या नैसर्गिक वस्तू इतक्या उजळ आहेत.

पण हिम जुने होते. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, ओले होतात. उजेडाला बर्फातून जास्त वाट चालावी लागते आणि वाटेत तो शोषला जातो. खालची उघडी हिमनदी दिसू लागली की परतीचा वाटा तीस ते चाळीसवर येतो. तिच्यावर धूळ, काजळी किंवा दगडगोटे असतील तर त्याहूनही खाली. समुद्रावरचा बर्फ वितळून मोकळे पाणी उघडे पडले आणि सूर्य डोक्यावर असला, तर परतीचा वाटा दहाच्याही आत.

आता एवढा हिशेब करून पाहा. ऐंशी परत केले तर बर्फाने स्वतःजवळ ठेवले वीस. चाळीस परत केले तर ठेवले साठ. परतीचा वाटा निम्मा झाला, पण बर्फात मुरणारी उष्णता तिप्पट झाली. त्याने बर्फ आणखी वितळतो, आणखी काळवंडतो, आणि काळवंडला की आणखी उष्णता घेतो. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे कठीण. म्हणून ऐंशी की सत्तर, सत्तर की साठ, हे नेमके कळणे गरजेचे असते. आणि डोळा इथे पुन्हा कच्चा पडतो. आठवडाभर जुने हिम आणि ताजे हिम दोन्ही त्याला पांढरेशुभ्रच दिसतात. जुन्या हिमाची घट मुख्यतः अवरक्त किरणांत होते आणि ते किरण आपल्याला दिसतच नाहीत.

मोजणी कशी करतात? दांड्यावर दोन मापक बसवतात, काचेच्या छोट्या घुमटाखाली ठेवलेले. एकाचे तोंड आकाशाकडे, दुसऱ्याचे बर्फाकडे. वरचा येणारे ऊन मोजतो, खालचा परतणारे. दुसऱ्याला पहिल्याने भागले की अल्बेडो. ऐकायला सोपे, पण करताना अनेक अडचणी. दांडा थोडा कलला की आकडा चुकतो. घुमटावर दव गोठले की चुकतो. मोजणारा जवळ उभा राहिला तर त्याची सावली आणि त्याच्या कोटाचा रंगही मापात शिरतो. शिवाय बर्फ पुरता लॅम्बर्टच्या नियमाने वागत नाही. सूर्य कलला की तो पुढच्या दिशेला जास्त उजेड फेकतो, गुळगुळीत जागी तर आरशासारखा चमकतो. म्हणून काही संशोधक कमानीवर मापक फिरवून वेगवेगळ्या कोनांतून तीच जागा मोजतात. तुलनेसाठी शेजारी एक पांढरा फलक ठेवतात. हा फलक लॅम्बर्टच्या आदर्श पृष्ठभागाच्या शक्य तितका जवळचा असतो. आधी फलक मोजायचा, मग बर्फ. उपकरणे बदलली, पण शेजारी ठेवून तुलना करण्याची रीत तीच राहिली.

१९९७-९८ मध्ये आर्क्टिक समुद्रात एक जहाज मुद्दाम बर्फात अडकवून ठेवून वर्षभर निरीक्षणे केली गेली. दोनशे मीटर लांबीची एकच रेघ ठरवून तिच्यावर पुन्हा पुन्हा मापे घेतली. वसंतात हिमाने झाकलेली ती रेघ ऐंशीहून अधिक भाग ऊन परत करत होती. ऑगस्टपर्यंत जागोजागी वितळलेल्या पाण्याची डबकी साचली आणि आकडा चाळीसच्या आसपास आला.

हे काम आपल्यापासून फार दूर नाही. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या भारतीय ठाण्यांचे काम तिथून चालते. याच केंद्राने २०१६ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पिती भागात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर, हिमांश नावाचे ठाणे सुरू केले. तिथून चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांचा अभ्यास होतो. येणारे ऊन किती, परतणारे किती, याच्या नोंदी हा त्याचाच भाग. चंद्रेचे पाणी पुढे भागा नदीला मिळून चिनाब होते आणि शेवटी सिंधूला जाते. त्या काठावरच्या शेतांना, गावांना उन्हाळ्यात किती पाणी मिळेल, याचे एक उत्तर वरच्या बर्फाच्या पांढरेपणात आहे. तो बर्फ कोणत्या धर्माच्या, कोणत्या देशाच्या शेतकऱ्यासाठी वितळायचे हे ठरवत नाही. त्याच्यावर येऊन बसणारी काजळीही कोणाच्या चुलीतली, कोणाच्या गाडीतली, हे सांगत नाही.

जाता जाता एक गंमत. अंटार्क्टिकावर लॅम्बर्ट नावाची हिमनदी आहे, जगातल्या सर्वात मोठ्या हिमनद्यांपैकी एक. आपले भारती ठाणे त्याच भागातल्या किनाऱ्यावर आहे. पण ते नाव ब्रूस लॅम्बर्ट या ऑस्ट्रेलियन नकाशातज्ज्ञाचे आहे, आपल्या लॅम्बर्टचे नव्हे. बर्फावर त्याचे नाव कोरलेले नाही. त्याचा शब्द मात्र बर्फाच्या प्रत्येक नोंदवहीत आहे.

पुन्हा चंद्राकडे

चंद्राच्या राखाडी भागाकडे लॅम्बर्टनेही पाहिले होते. फेब्रुवारी १७७४ मध्ये त्याला तो उजेड हिरवट, ऑलिव्हच्या रंगाकडे झुकलेला दिसला. त्या वेळी चंद्रासमोर दक्षिण अमेरिका होती. तिथल्या जंगलांवरून परतलेला उजेड चंद्रावर पडला असावा, असा त्याने अर्थ लावला. तो अर्थ बरोबर असो वा नसो, चंद्राकडे पाहून पृथ्वीचा रंग ओळखू पाहणारा माणूस अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेला, हे खरे.

आज तो राखाडी उजेड यंत्रांनी मोजला जातो. त्यावरून सगळी पृथ्वी मिळून किती ऊन परत करते ते काढतात. उत्तर साधारण शंभरातले तीस भाग. अमेरिकेतल्या बिग बेअर सौर वेधशाळेने १९९८ ते २०१७ अशी वीस वर्षे हे माप घेतले. त्यात पृथ्वी किंचित मंद झाल्याचे दिसले. ही घट ढगांमुळे, विशेषतः पॅसिफिक समुद्रावरच्या खालच्या थरातल्या उजळ ढगांमुळे आली, असा निष्कर्ष निघाला. फरक थोडा आहे. डोळ्याला तो कधीच कळला नसता.

रमजान संपेल, पुन्हा गच्च्यांवर गर्दी होईल, शव्वालची कोर शोधली जाईल. ईद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, पाहुण्यांची वर्दळ ओसरली की, पुन्हा एकदा पश्चिमेकडे पाहा. चंद्रावर इब्नुल हैसमच्या नावाचे एक विवर आहे. ते कडेजवळ, कोरीच्या उजळ भागात येते. लॅम्बर्टच्या नावाचेही एक विवर आहे. ते मध्याच्या पलीकडे आहे, म्हणून त्या दिवसांत अंधाऱ्या भागात असते. तिथे सूर्य अजून पोहोचलेला नसतो. तिथे पोहोचतो तो आपल्या ढगांनी, समुद्रांनी आणि बर्फांनी परत पाठवलेला उजेड. बसऱ्याचा विद्वान आणि मुलूझच्या शिंप्याचा मुलगा, दोघे एकाच चकतीवर. नुसत्या डोळ्यांना ती विवरे दिसणार नाहीत. पण कुठे पाहायचे ते आता आपल्याला माहीत आहे.